नोंदवहीतील नाव आणि विद्यार्थ्याचे हित

परदेशी विद्यार्थ्यांना शिकवू इच्छिणाऱ्या प्रत्येक संस्थेची सरकारी नोंदणी ऑस्ट्रेलियाच्या २००० सालच्या कायद्याने सक्तीची केली. तरीही २००९ साली मेलबर्न-सिडनीतील नोंदणीकृत खासगी महाविद्यालये एकामागून एक बंद पडली. अनेक भारतीय विद्यार्थी उघड्यावर आले. पाककला, केशकर्तन यांची प्रमाणपत्रे कायम वास्तव्याची शिडी ठरली होती आणि ती शिडी विकणे हाच धंदा झाला होता. २०१० मध्ये फेरनोंदणीचा कायदा झाला, २०१२ मध्ये शुल्क-संरक्षणाची योजना आली. ही पावले योग्यच होती. परंतु २०२४ साली गैरप्रकार रोखण्याच्या नावाखाली विद्यार्थी-व्हिसाचे शुल्क ७१० वरून १६०० डॉलर करण्यात आले. नफेखोरांच्या पापाचा भुर्दंड पुन्हा विद्यार्थ्याच्याच माथी! शिक्षण हा निर्यातीचा माल मानला की नोंदवही केवळ दुकानांचे परवाने सांभाळते.