काठी फिरवणाऱ्या मुली

अमेरिकेत फुटबॉलच्या सामन्यात मध्यंतर झाले की कॉलेजचा बँड मैदानात उतरतो आणि त्याच्यापुढे एखादी मुलगी चकाकती काठी फिरवत येते. पाहणाऱ्यांना ती नुसती शोभा वाटते. आम्हाला तसे वाटत नाही.

ही काठी म्हणजे बॅटन. पोलादाची बारीक दांडी, दोन्ही टोकांना रबर, एक टोक दुसऱ्याहून मोठे. ती उंच उडवायची, खाली आपण गिरक्या घ्यायच्या आणि कधी पाठीमागे हात नेऊन झेलायची. पडली की गुण गेले. मैदानात वारा असला तर सगळाच हिशेब बिघडतो. मोहरमला बनेटी फिरवणाऱ्या आपल्या उस्तादांना हे वेगळे सांगायला नको. १९७७ मध्ये या खेळाचा जागतिक महासंघ झाला, १९८० मध्ये सिएटलला पहिली जागतिक स्पर्धा भरली. पुढे जपानने यात मोठे नाव कमावले.

चमचमत्या, तोकड्या पोशाखावरून आपल्या घरांत आधी बोलणे होईल. होऊ द्या. पण तेवढ्यावरून मुलीची अनेक वर्षांची मेहनत 'नाचगाणे' म्हणून झटकू नये. तिकडेही हाच वाद आहे: हा खेळ की करमणूक? ऑलिम्पिकमध्ये याला जागा नाही. पर्ड्यू विद्यापीठात १९५४ पासून 'गोल्डन गर्ल' निवडतात, पण तो मान शिक्षण चालू असेपर्यंतचाच. पदवी मिळाली की पुष्कळ जणी लहान मुलींना शिकवू लागतात, कुणी परीक्षक होते.