अंजनेरीचं पाऊल

नाशिकहून त्र्यंबकला जाताना वीसेक किलोमीटरवर अंजनेरीचा डोंगर लागतो. माथ्याच्या अलीकडे, पठारावर एक छोटंसं तळं आहे. सूर्याला फळ समजून बाळ मारुतीनं झेप घेतली, तेव्हा रोवलेल्या पावलानं ते झालं म्हणतात. गंमत अशी, की काठावर उभं राहिलं तर नुसतं पाणी दिसतं. पाऊल दिसतं ते आणखी वर चढून मागे वळल्यावर. सहलीच्या मुलांना मी हेच दाखवत असे.

2022 साली हनुमानाचा जन्म अंजनेरीचा की किष्किंधेचा, यावर नाशकात धर्मसभा भरली आणि वादावादीत मोडली. डोंगराला त्याचं काय? त्याच्या कड्यांवर गिधाडं घरटी करतात, अंजनेरीचंच नाव मिळालेली कंदीलपुष्पाची जात तिथे फुलते.

वर गाडीरस्ता, रोपवे नेण्याचे बेत अधूनमधून निघतात. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी दर्शनाला कसं जावं, हा प्रश्न खरा आहे. मीही सत्तरी ओलांडली आहे. पण गाड्या पोचल्या की जागेचं काय होतं, हे आम्हा द्वारकेच्या चौकात राहणाऱ्यांना कुणी सांगायला नको. मला चढवलं नाही तर मी पायथ्याहून हात जोडीन. ते पाऊल ज्याला पाहायचं आहे, त्यानं स्वतःची पावलं झिजवावीत.