मृत्यूंचा हिशेब कोण ठेवणार?

राज्यात किती भांडवल आले आणि किती करार झाले, याचे आकडे आमच्या राज्यकर्त्यांना मुखोद्गत असतात. परंतु हे उद्योग चालविताना वर्षभरात एकूण किती माणसे कामावर मृत्युमुखी पडली, असा प्रश्न कोणी केला, तर त्याचे उत्तर एका वहीत सापडत नाही. ही केवळ कारकुनी उणीव नव्हे.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ मध्ये रासायनिक कारखान्यात भीषण स्फोट झाला. मे २०२४ मध्ये त्याच वसाहतीत दुसऱ्या कारखान्यात तेच घडले. दोन्ही वेळी दहाहून अधिक जीव गेले. समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ ऑगस्ट २०२३ मध्ये तुळया चढविणारे अवजड यंत्र कोसळून २० जण ठार झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात ९ कामगार गेले. त्यांत ६ स्त्रिया होत्या. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या आयुधनिर्माणीत ८ जणांचा बळी गेला.

या मृत्यूंची नोंद मात्र विखुरलेली. कारखाना राज्याच्या औद्योगिक सुरक्षा संचालनालयाकडे, स्फोटके केंद्राच्या नागपूर येथील संघटनेकडे, खाणी धनबादच्या महासंचालनालयाकडे, आयुधनिर्माणी संरक्षण खात्याकडे आणि मलवाहिनीत गुदमरलेला सफाई कामगार नगरपालिकेच्या दप्तरी. बांधकामावरून पडलेला परप्रांतीय मजूर तर बहुधा पोलिसांच्या ‘अकस्मात मृत्यू’च्या नोंदीत कायमचा विसावतो. प्रत्येक खात्यापुढे दोन-चार मृत्यू येतात आणि प्रत्येकाला ते दुर्दैव वाटते. सर्व एकत्र मांडले, तरच दुर्दैव कोठे संपते आणि हयगय कोठे सुरू होते हे दिसेल.

चौकशी होते, नुकसानभरपाई जाहीर होते, मग आणखी काय हवे, असे कोणी विचारील. भरपाईने मृताच्या घरची चूल काही दिवस पेटेल. शेजारच्या कारखान्यातील कामगार त्याने वाचत नाही. त्याला वाचवू शकतो तो चौकशीचा निष्कर्ष. आणि तोच दप्तरात बांधून ठेवला जातो. २०१६ च्या स्फोटाने काय शिकविले, हे त्या वसाहतीतील किती कारखानदारांना कोणी समजावून सांगितले?

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने १३ कायदे एकत्र आणले. कायदे एकत्र येऊ शकतात, तर मृत्यूंची नोंद का नाही? शिवाय वीसपेक्षा कमी कामगारांचा, विजेवर चालणारा उद्योग या संहितेच्या व्याख्येनुसार ‘कारखाना’च नव्हे. तेव्हा केवळ कारखान्यांच्या आकड्यांवर विसंबणे यापुढे अधिकच फसवे ठरेल.

आमची मागणी साधी आहे. कामावर झालेल्या प्रत्येक मृत्यूची, मग तो कायम कामगार असो वा कंत्राटी, उद्योग, स्थळ व कारण यांसह एकत्रित नोंद सरकारने दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावी आणि प्रत्येक चौकशीचा अहवाल ठराविक मुदतीत प्रसिद्ध करावा. यास मोठा खर्च नाही. अप्रिय आकडा लोकांपुढे मांडण्याचे धैर्य तेवढे लागेल. अर्थसंकल्पात पैशापैशाचा हिशेब देणाऱ्या सरकारने माणसांचा हिशेब देण्यास कां कूं करू नये.