दगडाखालची नदी

रायगडातल्या वरसे गावाच्या परिसरात कुंडलिका नदी उन्हाळ्यातही वाहती असते. मुळशी धरणाचं पाणी १९२७ पासून सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं आणि टर्बाइन फिरवून या नदीला मिळतं. कोलाडचं राफ्टिंगही त्याच पाण्यावर चालतं. त्यामुळे ऐन मे महिन्यात पुलावरून खाली बघणाऱ्याला वाटतं, नदीचं बरं चाललंय. मला धास्ती वाटते ती या भरल्या पाण्याचीच.

नदी भरलेली आहे की जिवंत आहे, हे सांगायला कातडीने श्वास घेणारा प्राणी लागतो. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगरांतला हेलबेंडर हा सॅलॅमँडर तसा आहे. लांबीला दीड-दोन फूट, अंगाने चपटा, दोन्ही कुशींना कातडीच्या सैल झालरी. फुप्फुसं आहेत, पण श्वासापुरती ती जवळजवळ निकामीच. पाण्यातला प्राणवायू झालरींमधून थेट रक्तात जातो. म्हणून त्याला गार, खळाळतं पाणी हवं आणि दिवसभर दडून राहायला मोठा चपटा दगड. अंडी त्याच दगडाखाली, आणि त्यांची राखण नराकडे.

वर डोंगरात रस्ता निघाला, झाडं पडली की माती पाण्याबरोबर येते आणि दगडाखालची फट बुजते. पाणी मात्र पूर्वीसारखंच वाहत असतं. हा प्राणी ३० वर्षंही जगतो, त्यामुळे थोराड हेलबेंडर पुढे कित्येक वर्षं दिसत राहतात. पिल्लं नाहीत, हे कुणी मुद्दाम शोधल्याशिवाय कळत नाही. ‘अजून दिसतात की’ या समाधानात एक पिढी निघून जाते. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने त्याला संकटग्रस्त यादीत घालण्याचा प्रस्ताव मांडला.

भारतात सॅलॅमँडर आहे तो दार्जिलिंग आणि ईशान्येकडच्या डोंगरांत. सह्याद्रीत नाही. इथे त्याच्या गोतातलं देवगांडूळ आहे: बेडकाचाच उभयचर वर्ग, पण पाय नाहीत. एक जात खंडाळ्याहून १९६० साली, दुसरी कोयनेजवळच्या हुंबरळीहून २००४ साली विज्ञानाच्या दप्तरी लागली. शेतात फावड्याखाली आलं तर साप म्हणून मारतात, नाहीतर गांडूळ म्हणून सोडून देतात. काही जातींची मादी ओल्या मातीत अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते आणि पिल्लं सुरुवातीला पाण्यात वाढतात. म्हणजे बांध आणि वहाळ, दोन्ही शाबूत हवेत.

आपलं मोजमाप मात्र वेगळंच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत महाराष्ट्रातले ५३ प्रदूषित नदीपट्टे आहेत, त्यांत कुंडलिका आहे. ही यादी ठरते बीओडीवर, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू किती प्राणवायू खातात यावर. धाटावची औद्योगिक वसाहत शेजारी असताना हा आकडा हवाच. पण बाटलीत भरलेल्या पाण्यात दगडाखालची फट येत नाही. गाळ, काढून नेलेले गोटे, काँक्रीटने बांधलेले काठ यांचा त्या आकड्याशी संबंधच नाही. उद्या बीओडी सुधारला आणि नदी यादीतून सुटली, तरी तळ मेलेलाच असू शकतो.

रायगडात हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. पहिल्या मोठ्या पावसात वलगण चढते. अंडी घालायला निघालेले मासे वहाळातून, बांधावरून पडणाऱ्या बोटभर पाण्यातून उड्या मारत भातखाचरांत शिरतात. (त्यांना तिथेच धरून खाणारे आपणही या गोष्टीत निर्दोष नाही.) वहाळाला सरळसोट भिंत आली की ही वाट तिथेच संपते.

जपानने आपल्या महाकाय सॅलॅमँडरला १९५२ मध्ये विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला. प्राण्याला हात लावायची बंदी झाली, पण नद्यांवर काँक्रीटचे बंधारे होत राहिले, आणि चार-पाच फुटांपर्यंत वाढणारी ही जनावरं वीण करायला वर जाताना त्यांच्या पायथ्याशी अडू लागली. मग काही ठिकाणी बंधाऱ्यांना उतरत्या पायऱ्या जोडाव्या लागल्या. आपल्याकडे वहाळाच्या भिंतीचा आराखडा ग्रामसभेत येतो तेव्हा रुंदी, उंची आणि खर्च विचारला जातो. वलगण कुठून चढणार, हेही तेव्हाच विचारता येईल. काँक्रीट ओतायच्या आधी.