दोन इंचांचं कौतुक

नोव्हेंबर जवळ आला की इथे ओहायोत शिकारीला जाणाऱ्या मंडळींत एकच चर्चा: कुणाची स्लग गन शंभर यार्डांवर किती इंचांचा ग्रुप देते. आपली काही मराठी पोरंही हल्ली त्यात असतात. शिकार करावी की नाही हा वाद आज नको. पण करणारच असाल तर बंदूक तरी डोकं वापरून निवडा!

माहीत नसणाऱ्यांसाठी: स्लग म्हणजे शॉटगनमधून सुटणारी एकच जाड गोळी, बारा बोअरची साधारण २८ ग्रॅमची. रायफलची गोळी फार लांब जाते, म्हणून सपाट आणि वस्तीच्या मुलखातल्या काही राज्यांनी हरणासाठी वर्षानुवर्षं रायफल बंद ठेवली होती. ओहायोने २०१४ पासून ठरावीक काडतुसांच्या रायफली चालवून घेतल्या, तरी स्लगवाले अजून भरपूर आहेत.

आता हिशेब बघा. हरणाचं हृदय आणि फुफ्फुसं मिळून साधारण आठ इंचांची थाळी. झाडीत नेम मिळतो तो बहुतेकदा पन्नास-साठ यार्डांवर. तिथे चार इंचांचा ग्रुप पुरून उरतो. दोन इंचांचा असला तर हरणाला काय फरक पडणार? अचूकतेला कुठेतरी 'बास' म्हणता येतं, भरवशाला नाही.

आणि ते जादा दोन इंच फुकट मिळत नाहीत. रेमिंग्टन ८७० किंवा मॉसबर्ग ५०० ची नळी सहज काढता येते. तोच सांधा किंचित हलतो, म्हणून अचूकतावेडे तिथे पिन ठोकून नळी कायमची बसवतात. ग्रुप सुधारतो, मान्य. पण पावसात भिजून आल्यावर ती नळी काढून पुसायची कशी? सेबो स्लगचंही तेच. आटे पाडलेल्या नळीतून झकास जातात, पण साध्या स्लगच्या कितीतरी पट महाग. मग भाऊसाहेब पाच गोळ्या झाडतात, कागदाचा फोटो काढतात आणि सराव संपला!

"पहिलीच बसली तर दुसरी कशाला हवी?" असं म्हणणारे भेटतात. अहो, पण पहिली सुटायला तर हवी! आणि गेल्या आठवड्यात जिथे लागली तिथेच आजही लागायला हवी. स्लगचा धक्का असा दणदणीत, की दुर्बिणीचे स्क्रू ढिले होतात. वाळूच्या पिशवीवर टेकवून काढलेला ग्रुप म्हणजे आपल्या डेमोसारखा. प्रॉडक्शन म्हणजे थंडी, चिखल आणि आखडलेली बोटं. फरक एवढाच, की इथे बग निघाला तर पोटात गोळी घेऊन एक जनावर पळतं आणि कुठल्यातरी ओढ्यात तासन्‌तास मरत पडतं. ते तक्रार नोंदवत नाही.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. सलग पाच-सहा वीकेंड, दर वेळी थंड नळीतून एकच गोळी, कागद तोच. पल्ला तुम्ही शिकारीत घेणार तोच. सगळ्या गोळ्या थाळीत बसल्या तर बंदूक ठेवा. एकदा जरी अडकली किंवा भरकटली, तर दुरुस्त होईपर्यंत रानात नेऊ नका. मग तिचा ग्रुप दोन इंचांचा असो नाहीतर अर्ध्या इंचाचा.