ओझे वाहणाऱ्याचे नाव



मोरजीतील काही घरची मुले मुंबईस नोकरीला आहेत. सुट्टीत आईवडील त्यांच्याकडे जातात आणि माथेरानच्या सहलीचा बेत ठरतो. ‘फादर, एका दिवसात जाऊन येता येईल का?’ असे एका मातेने आम्हांस विचारले.

अवश्य येईल. पहाटेची कर्जत लोकल धरावी व नेरळला उतरावे. पीरभॉय कुटुंबाने बांधलेली, १९०७ साली सुरू झालेली चिमुकली आगगाडी तेथून सुमारे २१ किलोमीटर वळणे घेत डोंगर चढते. पावसाळ्यात ती नेरळहून सुटत नाही. तेव्हा मोटारीने दस्तुरी नाक्यापर्यंत जावे. पुढे खाजगी मोटारींना बंदी आहे. आपल्या पेडण्यासारखीच तांबडी माती तेथे पायांना लागते. रविवारी जाणाऱ्यांनी मिस्सा मात्र चुकवू नये.

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्हीही तेथे गेलो होतो. चढ पाहून हातरिक्षेत बसलो. एकजण पुढून ओढीत होता, दुसरा मागून ढकलीत होता. ओढणारा आमच्याहून वयाने वडील. त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटलेला. आम्ही जपमाळ हाती घेतली, पण एक दशकही पुरे झाले नाही. उतरताना ठरल्याहून अधिक पैसे दिले. मन हलके झाले नाही.

‘आपण न बसलो तर यांचे पोट कसे भरणार?’ अशी आम्ही स्वतःची समजूत घातली होती. परंतु विजेवरच्या रिक्षा मिळाव्यात अशी मागणी त्या ओढणाऱ्यांनीच पुढे केली होती. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा व ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसास ओढणे मानवी प्रतिष्ठेस साजत नाही, हा त्याचा आशय.

तेव्हा सहलीस आनंदाने जा. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी चालावे; वृद्धांनी विजेवरच्या रिक्षेत बसावे. हमालाकडे सामान दिलेत, तर त्याच्या मजुरीत घासाघीस करू नका.

कालवारीच्या वाटेवर ज्याने प्रभूचा क्रूस वाहिला, त्या कुरेनेकर शिमोनाचे नाव शुभवर्तमानाने जपून ठेवले आहे. आमचे ओझे वाहणाऱ्या त्या गृहस्थाचे नाव आम्ही विचारलेदेखील नाही. तुम्ही तेवढे विचारा.