आजीचा आवाज आणि संगणकाची लुडबुड

आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्यांची एकच कॅसेट आमच्याकडे उरली आहे. निम्म्या मराठी, निम्म्या कन्नड. लेकाने ती संगणकात उतरवली, तीही ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये. (सीडी ४४.१ आणि १६ वर भागवते!) मग यूएसबीला 'डॅक' जोडला, आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी ही डबी. मोठ्या थाटात सुरू केले, तर आई म्हणाली, "ह्या आमच्या अत्ती नव्हेत. घागरीत बोलल्यागत वाटतंय."

डॅकवर पाहिले तर आकडा ४८! विंडोज सगळे आवाज एकत्र कालवून एकाच मापाने पाठवते. वर खर्ज फुगवणारे 'एन्हान्समेंट'ही चालू होते. ते बंद केले, प्लेअरमध्ये 'वासापी एक्सक्लुझिव्ह' निवडले, ९६ उमटले. (असे करताना आवाज आधी कमी ठेवा बरे का, विंडोजची पट्टी तेव्हा चालेलच असे नाही.) खरे सांगायचे तर कॅसेटला सीडीचे मापही पुरून उरते. घोळ होता तो त्या खर्जाचा.

पुन्हा लावले. जात्याची घरघर, मध्येच आजीचा खोकला. आई पदर सावरून बसली.

"ईग बंद्रु नोड," म्हणाली.